सिकंदराच्या विहिरी : खंभातच्या आखाताभोवतीचे अवशेष आणि ग्रीक दंतकथा

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास इजिप्तमधील एका ग्रीकभाषक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारी एक पुस्तिका लिहिली. 'एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस' या नावाने ती प्रसिद्ध आहे. लेखकाचे नाव पुस्तिकेत नाही, परंतु त्याची व्यापारी नजर पानोपानी दिसते. कोणत्या बंदरात कोणता माल खपतो, कोठे खडक आहेत, कोठल्या राजाला कोणती भेट द्यावी, हे तो नेमकेपणाने सांगतो. त्याचे बारीगाझा म्हणजे आजचे भरुच. खंभातच्या आखाताच्या मुखाशी, उजव्या हाताला, 'कम्मोनी' गावासमोर एक लांबट खडकाळ पट्टा असल्याचे तो नोंदवतो. हे कम्मोनी म्हणजे सुरतेजवळ तापीकाठचे कामरेज असावे, असे अनेक अभ्यासकांनी मानले आहे. भरतीच्या वेळी दुरून येणाऱ्या सैन्यासारखा आवाज होतो, आणि म्हणूनच राजाच्या चाकरीतील स्थानिक कोळी मोठ्या होड्या घेऊन परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणतात, हे त्याचे वर्णन या आखाताचे पाणी पाहिलेल्या कोणालाही पटेल.

अशा व्यवहारी माणसाच्या लेखनात एक विधान मात्र चकित करणारे आहे. या प्रदेशात सिकंदराच्या स्वारीच्या खुणा अजून शिल्लक आहेत, असे तो लिहितो. खुणा कोणत्या? जुनी देवालये, किल्ल्यांच्या भिंती आणि मोठाल्या विहिरी. पुढे तर सिकंदर याच भागातून निघून गंगेपर्यंत पोहोचला, असेही तो सांगतो.

सिकंदर गुजरातेत कधीही आला नाही. इ. स. पूर्व ३२६ मध्ये बियास नदीच्या काठी त्याच्या सैन्याने पुढे जाण्यास नकार दिला. तेथून मागे वळून तो सिंधू नदीच्या मार्गाने समुद्रापर्यंत गेला आणि मकरानच्या वाळवंटातून इराणला परतला. गंगा त्याने पाहिलीच नाही. मग साडेतीन शतकांनंतर भरुचच्या परिसरात त्याच्या विहिरी कोठून आल्या? पुराणवस्तू आणि ग्रीक आख्यायिका यांची सांगड घालण्याचे या किनाऱ्यावरील हे बहुधा सर्वांत जुने लिखित उदाहरण आहे. त्याचा छडा लावताना आजच्या अशा दाव्यांकडे कसे पाहावे, याचाही काही उलगडा होतो.

पेरिप्लसकाराने आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर नकळत स्वतःच देऊन ठेवले आहे. बारीगाझाच्या बाजारात ग्रीक अक्षरे असलेली जुनी चांदीची नाणी अजून चालतात आणि त्यांवर सिकंदरानंतर राज्य करणाऱ्या अपोलोडोटस आणि मिनँडर यांची चिन्हे आहेत, असे तो लिहितो. हे दोन्ही राजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या आसपासचे, वायव्येकडील इंडो-ग्रीक घराण्यांतील. यांतील मिनँडर म्हणजे पाली 'मिलिंदपञ्ह' या ग्रंथातला राजा मिलिंद. ग्रीकांनी सिंधूच्या मुखाकडील प्रदेश आणि सौराष्ट्राचा किनारा जिंकल्याचा उल्लेख स्ट्रॅबो या भूगोलकारानेही केला आहे. म्हणजे या भागाशी ग्रीक राजांचा काहीतरी संबंध आला होता, हे खरेच. मात्र त्यांची नावे लोकांना आठवत नव्हती. आठवत होते ते एकच नाव. तेव्हा लहान राजांची कामगिरी मोठ्या राजाच्या खात्यावर जमा झाली. महाराष्ट्रात यादवकाळाच्या कितीतरी आधीच्या काळ्या दगडी मंदिरांनाही सर्रास 'हेमाडपंती' म्हटले जाते, त्यातलाच हा प्रकार.

नाण्यांची पुढची कथाही पाहण्याजोगी आहे. पेरिप्लसमध्ये ज्या राजाचे नाव आले आहे, तो क्षहरात क्षत्रप नहपान असावा, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा प्रचंड साठा सापडला. १३,२५० च्या आसपास नाणी होती आणि त्यांतील ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. मूळ नाण्यांवर राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरे आहेत, तर दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीतील मजकूर आहे. नंतरच्या पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांवर ही ग्रीक अक्षरे हळूहळू बिघडत गेली. शेवटी तिचा काहीच अर्थ लागेना. उरली ती केवळ काठाची नक्षी. वाचणारा राहिला नाही, तरी टांकसाळीने तिला सोडले नाही. नाण्यावर ग्रीक लिपी दिसते म्हणून नाणे ग्रीकाचे, असा निष्कर्ष काढणाऱ्याने या साठ्यातील नाणी ओळीने मांडून पाहावीत.

सिकंदराचे नाव नंतरच्या काळातही वाढतच गेले. निजामीच्या 'सिकंदरनाम्या'चे पठण हिंदुस्थानातील फारसी शिक्षणाचा शतकानुशतके भाग होते आणि अलाउद्दीन खल्जीने आपल्या नाण्यांवर स्वतःला दुसरा सिकंदर म्हणवून घेतले. परंतु याच परंपरेत या नावाची कसून तपासणी करणारेही होते, याची आठवण फारशी ठेवली जात नाही. अल-बिरूनीने 'आसारुल बाकिया' या ग्रंथात झुलकरनैन नेमका कोण, याविषयीची वेगवेगळी मते शेजारी-शेजारी मांडली आणि सिकंदराच्या नावावर सहज शिक्कामोर्तब होऊ दिले नाही. विसाव्या शतकात मौलाना आझाद यांनी 'तर्जुमानुल कुरआन'मध्ये झुलकरनैन म्हणजे सिकंदर नव्हे, तर इराणचा सम्राट सायरस, असे मत मांडले आणि त्यासाठी पासारगाडाई येथील पंखधारी शिल्पाचा दाखला दिला. या शिल्पाच्या माथ्यावर एकेकाळी सायरसच्या नावाचा लेख होता, हे खरे. पण ती आकृती राजाची नसून द्वाररक्षक देवतेची असावी, असे पुष्कळ पुरातत्त्वज्ञ मानतात. मत पटो अथवा न पटो, आझादांनी आपला पुरावा उघड्यावर ठेवला, म्हणून तर तो तपासता येतो.

या बाबतीत सर्वांत नेमके लिहिले ते इब्न खल्दूनने. १३७७ च्या 'मुकद्दिमा'मध्ये त्याने मसऊदीने दिलेली एक कथा घेतली आहे. सिकंदर इस्कंदरिया वसवत असताना समुद्रातील राक्षस काम होऊ देईनात, म्हणून तो काचेच्या पेटीत बसून समुद्राच्या तळाशी गेला, त्याने राक्षसांची चित्रे काढली आणि त्यांचे पुतळे उभारून त्यांना पळवून लावले, अशी ती कथा. इब्न खल्दून प्रथम विचारतो की असा धोका कोणता राजा पत्करील आणि त्याचे सरदार तो पत्करू देतील काय? मग तो सांगतो की बंद पेटीतील हवा तापून माणूस गुदमरून मरेल. राक्षसांपर्यंत जाण्याची त्याला गरजच पडत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी तो प्राचीन प्रचंड इमारतींविषयी बोलतो. लोक म्हणतात, आद आणि समूद यांची शरीरेच अवाढव्य होती, म्हणून त्यांनी एवढी बांधकामे केली. इब्न खल्दूनचे उत्तर साधे आहे. समूदांची खडकात कोरलेली घरे आजही उभी आहेत, त्यांचे दरवाजे मोजा. ते आपल्याच घरांएवढे आहेत. मोठे बांधकाम मोठ्या शरीराने होत नाही. ते मोठ्या राज्याच्या पैशाने, यंत्रांच्या मदतीने आणि अनेक हातांच्या सहकार्याने होते.

दरवाजे मोजा, ही सूचना हाइनरिश श्लीमनला कोणी केली असती तर पुरातत्त्वाचे बरेच नुकसान टळले असते. होमरचे महाकाव्य शब्दशः खरे मानणाऱ्या या जर्मन व्यापाऱ्याने तुर्कस्तानातील हिसारलिक टेकाडावर १८७० पासून उत्खनन केले. जागा फ्रँक कॅल्व्हर्टने दाखवली होती. १८७३ मध्ये सोन्याचे दागिने आणि भांडी मिळाली तेव्हा श्लीमनने तो 'प्रायमचा खजिना' म्हणून जाहीर केला. पुढे कळले की तो थर ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या गेलेल्या काळाहून एक हजार वर्षांहून अधिक जुना आहे. खाली पोहोचण्याच्या घाईत त्याने खणलेल्या रुंद चरात वरचे थर कापले गेले, म्हणजे तो ज्या काळाचा शोध घेत होता त्याचेच अवशेष त्याने काही प्रमाणात उखडून फेकले. १८७६ मध्ये मायसीनी येथे सापडलेला सोन्याचा मुखवटा आजही 'अगामेम्नॉनचा मुखवटा' म्हणूनच ओळखला जातो, मात्र तो इ. स. पूर्व सोळाव्या शतकातला आहे. हिसारलिक हेच प्राचीन ट्रॉय होते, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. तेव्हा श्लीमन जागेबाबत बरोबर ठरला आणि माणसांबाबत चुकला. असे अर्धे यश फार घातक असते, कारण पुढचा प्रत्येक दावेदार त्याचेच नाव पुढे करतो.

ग्रीक देवादिकांची खरोखरची ओळख पटवता येईल अशा वस्तू आपल्याकडेही सापडल्या आहेत. त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध शोध समुद्रापासून दूर, पंचगंगेच्या काठी लागला. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४४-४५ च्या सुमारास राजाराम कॉलेजचे प्रा. कुंदणगार यांना धातूच्या वस्तूंचा एक मोठा साठा मिळाला. पाठोपाठ १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी तेथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. साठ्यात बहुतेक भांडीकुंडी स्थानिक घडणीची होती. त्यांच्यासोबत रोमन जगातून आलेल्या काही वस्तू निघाल्या, त्यांत कांस्याचे सुरईवजा भांडे, आरसा आणि वीतभरही उंची नसलेली एक दाढीधारी नग्न मूर्ती होती. ही मूर्ती ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची. उंचावलेल्या हातातील त्रिशूल हरवला आहे. परंतु मूर्तीची ठेवण ग्रीक शिल्पपरंपरेतील मोठ्या पुतळ्यांवरून घेतलेली असल्याने ओळखीबाबत शंका राहिलेली नाही. मूर्ती कोल्हापूरच्या टाऊन हॉल वस्तुसंग्रहालयात आहे.

याच साठ्यातील एका कांस्य चकतीवर पर्सियस आणि अँड्रोमेडा यांची कथा कोरलेली असल्याचे अभ्यासकांनी ओळखले आहे. समुद्रराक्षसाला बळी द्यायला खडकाशी बांधलेल्या राजकन्येला पर्सियस सोडवतो, ती ही कथा. प्राचीन लोक ही घटना पॅलेस्टाइनच्या किनाऱ्यावर, आजच्या याफा येथे घडली असे मानत. रोमन लेखक प्लिनी सांगतो की स्कॉरस नावाच्या अधिकाऱ्याने त्या राक्षसाची हाडे याफाहून रोमला आणून लोकांना दाखवली आणि त्यांची लांबी ४० फूट होती. ती बहुधा देवमाशाची हाडे असावीत. रोमच्या लोकांनी हाडे पाहिली, मोजमापेही लिहून ठेवली, आणि तरी ती अँड्रोमेडाच्याच राक्षसाची ठरवली. केवळ मोजून भागत नाही, असेही म्हणावे लागते.

ब्रह्मपुरीचा पोसायडन कोल्हापुरात ग्रीक वसाहत होती, असे सिद्ध करतो काय? मुळीच नाही. सातवाहनकाळात दख्खनचा माल पैठण आणि तगर, म्हणजे तेर, येथून भरुचला जात असल्याचे पेरिप्लसमध्ये स्पष्ट आहे. पैठण भरुचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर आणि तगर तेथून पूर्वेला आणखी दहा दिवसांवर, असे अंतरही दिले आहे. बदल्यात तिकडून मद्य, तांबे, कथील, पोवळे, काच आणि राजासाठी चांदीची भांडी येत. अशा मार्गांवरून एखादी मूर्ती कोल्हापुरात पोहोचणे मुळीच अवघड नव्हते. ज्या घरात ती होती तेथे तिला पोसायडन म्हणून कोणी ओळखत होते की ती केवळ परदेशी कारागिरीचा नमुना म्हणून जपली गेली, हे मूर्ती सांगत नाही. तिच्याभोवतीची स्थानिक भांडी मात्र सांगतात की ते घर येथल्याच माणसांचे होते. बडोद्याजवळ विश्वामित्रीकाठी अकोटा येथे मिळालेल्या कांस्य मुठीचेही तेच. ती एका रोमन भांड्याची मूठ असून तिच्यावर ग्रीकांचा प्रेमदेव इरॉस आहे. सुब्बाराव यांच्या उत्खननाने त्या वसाहतीचा बाकीचा पसारा उजेडात आणला नसता, तर ही एकच मूठ हाती धरून बडोद्यात इरॉसचे देऊळ उभे करायला कोणी कमी केले नसते.

यवन येथे राहत नव्हते, असे मात्र नव्हे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेली दाने कोरली आहेत. नाशिकला दत्तामित्रीचा रहिवासी असलेल्या इंद्राग्निदत्त नावाच्या योनकाने लेणे कोरवले. नावे भारतीय, दान बौद्ध संघाला आणि भाषा प्राकृत. हर्क्युलिस नाही, अकिलीस नाही. पाठ्यपुस्तकांत सिकंदर-पोरसच्या लढाईला जेवढी पाने मिळतात त्याच्या चौथा हिस्साही या माणसांना मिळत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

रोमन म्हणून ओळखल्या गेलेल्या वस्तूंची फेरतपासणी गेल्या काही दशकांत झाली, तिचे निकाल सुरत परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. गुजरातेत सर्वत्र सापडणारी चकचकीत तांबड्या रंगाची मृद्भांडी एकेकाळी रोमन प्रभावाखालील मानली जात. ती मूलतः स्थानिक परंपरेतील आहेत, हे नंतर दाखवून दिले गेले. मद्याच्या रोमन रांजणांचे म्हणून नोंदलेले तुकडे रोबर्टा टॉम्बर यांनी पुन्हा तपासले आणि २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांतील बरेचसे मेसोपोटेमियातील, म्हणजे आजच्या इराकच्या परिसरातील, निमुळत्या बुडाच्या रांजणांचे असल्याचे सांगितले. त्यांना आतून डांबराचा लेप असतो आणि माती वेगळी असते. कामरेजला २००३ च्या सुमारास झालेल्या उत्खननातही अशा पश्चिम आशियाई रांजणांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे तापीच्या मुखाशी येणाऱ्या जहाजांत इराणच्या आखातातील जहाजांचा वाटा मोठा होता. रोमचे नाव मोठे, म्हणून बसऱ्याकडचा रांजणही रोमच्या नावावर लागला. सिकंदराच्या विहिरींचीच ही आवृत्ती, फरक एवढाच की या वेळी चूक प्रवाशाची नव्हती, तज्ज्ञांची होती. आणि ती तज्ज्ञांनीच दुरुस्त केली.

२००१ मध्ये मात्र चूक इतक्या शांतपणे दुरुस्त होण्याची सोय राहिली नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेला खंभातच्या आखातात, किनाऱ्यापासून सुमारे २० किलोमीटरवर, ३० ते ४० मीटर खोलीवर काही भौमितिक आकृत्या ध्वनिलहरींच्या उपकरणांवर दिसल्या. त्याच वर्षी केंद्रीय मंत्री मुरली मनोहर जोशी यांनी समुद्राखालील नगराची घोषणा केली. तळावरून ओढून काढलेल्या लाकडाच्या एका तुकड्याचे वय सुमारे ९,५०० वर्षे निघाल्याने जगातील सर्वांत जुने शहर सापडल्याचा गाजावाजा झाला. अनेकांना अटलांटिस आठवले. प्लेटोने 'टिमियस' आणि 'क्रिटियस' या संवादांत सांगितलेले हे बुडालेले राज्य सोलोनच्या काळापूर्वी ९,००० वर्षांचे आहे, आणि दोन आकडे जवळपास आले की कल्पनेला पंख फुटायला वेळ लागत नाही. पुरातत्त्वज्ञांच्या हरकती कमी आकर्षक होत्या. लाकूड जुने असणे म्हणजे शहर जुने असणे नव्हे. वस्तू थरातून काढलेल्या नव्हत्या, तळ खरवडून आणलेल्या होत्या. आणि हे आखात जगातील अत्यंत मोठ्या भरती-ओहोटीच्या जागांपैकी एक आहे. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती यांनी आणलेल्या वस्तू येथे कोठून कोठे वाहत जातील याचा नेम नाही. भरतीच्या सैन्यासारख्या आवाजाबद्दल पेरिप्लसकाराने दिलेला इशारा येथे फार उपयोगी पडला असता.

वर्गात विद्यार्थी या बातमीचे कात्रण घेऊन येतो तेव्हा शिक्षकाची अडचण खरी असते. नाही म्हटले तर आपल्या भूमीचे प्राचीनत्व नाकारल्यासारखे वाटते आणि हो म्हटले तर विषयाशी प्रतारणा होते. अशा वेळी वस्तू कोणत्या थरातून आली, तिच्यासोबत आणखी काय मिळाले आणि तिला नाव प्रथम कोणी दिले, एवढे तीन प्रश्न फळ्यावर लिहिले तरी तासभर चर्चा चालते. जोगळटेंभीची नाणी, ब्रह्मपुरीची मूर्ती आणि आखातातील लाकूड या तिन्ही उदाहरणांवर हे प्रश्न लावून पाहता येतात, आणि उत्तरे प्रत्येक वेळी वेगळी निघतात.

राहिला प्रश्न विहिरींचा. नहपानाचा जावई उषवदात याने नाशिकच्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात आपल्या दानधर्माची यादी कोरून ठेवली आहे. भरुच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक येथे त्याने धर्मशाळा बांधल्या, बागा आणि तळी केली. पारडा, दमणा, तापी आणि डहाणुका या व आणखी नद्यांवर त्याने लोकांना मोफत उतरून जाण्यासाठी नावा ठेवल्या. म्हणजे सुरतेजवळच्या तापीवरील फुकट नावेचा लेखी पुरावा सुमारे दोन हजार वर्षांचा आहे. त्याच यादीत 'उदपान' हा शब्द येतो. उदपान म्हणजे विहीर. पेरिप्लसकार भरुचला आला तो याच राजघराण्याच्या काळात. त्याने ज्या विहिरी जुन्या म्हणून पाहिल्या त्या उषवदाताच्याच होत्या, असे म्हणण्यास आधार नाही. पण या प्रदेशात विहिरी खोदणाऱ्यांची परंपरा होती आणि त्यांतील निदान एकाने आपले नाव दगडावर लिहून ठेवले, एवढे निश्चित आहे. त्या लेण्याला नाशिकमध्ये उषवदाताच्या नावाने कोणी ओळखत नाही. लोक त्या डोंगराला पांडवलेणी म्हणतात.